नाही म्हणायचं तर चौथ्या महिन्यात म्हणा

पहिलं सिझर झालेल्या बाईची दुसरी डिलिव्हरी नॉर्मल करायची ज्या डॉक्टरांची तयारी नसेल, त्यांनी ते सुरुवातीलाच सांगावं. नाही म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. आठव्या महिन्यापर्यंत "बघू, अजून वेळ आहे" म्हणत झुलवत ठेवायचं नाही.

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. मोठी लेक पायाळू होती म्हणून सिझर झालं. टाका गर्भाशयाच्या खालच्या भागावर, आडवा. मध्ये तीन वर्षांहून जास्त अंतर, आणि या वेळी बाळाचं डोकं खाली आहे. जुन्या ऑपरेशनची फाइल मी दर व्हिजिटला नेत होते, मॅडमनी ती एकदाही उघडली नाही. आठव्या महिन्यात मी मिडवाइफबद्दल, म्हणजे बाळंतपणासाठी खास शिकलेल्या नर्सबद्दल, विचारलं, "कळांमध्ये माझ्याजवळ मिडवाइफ असेल, तुमच्याच हॉस्पिटलमध्ये, तुमच्याच देखरेखीखाली. चालेल ना?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला बाळ हवंय की अनुभव हवाय?"

गरोदर बाईला असं विचारू नये हो. त्यावर ती काय बोलणार? नवरा घाबरला, घरी सासूबाई रडायला लागल्या, आणि टाक्याबद्दल बोलायचं राहूनच गेलं.

धोका मला माहीत आहे. असा एक आडवा टाका असेल तर नॉर्मलच्या प्रयत्नात तो उसवण्याची शक्यता दोनशेत साधारण एकीला असते. उसवला तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं, हातात मिनिटं उरतात. म्हणूनच घरी बाळंतपण करायचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. घोडबंदरचं ट्रॅफिक मी रोज बघते. ओटी, भूलतज्ज्ञ, रक्ताची सोय, बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष, हे सगळं मला हवंच आहे. पण मग दुसरी बाजूही सांगा ना. प्रयत्न करणाऱ्या दर चौघींपैकी जवळपास तिघींची नॉर्मल होते. आणि प्रत्येक सिझरनंतर पुढच्या गरोदरपणात वार (प्लासेंटा) जुन्या टाक्यात रुतून बसण्याचा धोका वाढत जातो, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

"एकदा सिझर म्हणजे कायम सिझर" हे १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन या डॉक्टरांनी लिहिलं. तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेत, आणि तो उसवण्याचा धोका कितीतरी जास्त. आज छेद बदलला, वाक्य तेच राहिलं.

मिडवाइफ म्हटलं की लोकांना अडाणी बाईच डोळ्यांसमोर येते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात नर्सना अठरा महिन्यांचं प्रशिक्षण आहे. त्या योजनेत मिडवाइफ स्वतः सांभाळते ती कमी जोखमीची बाळंतपणं. माझं त्यात बसत नाही, म्हणून तर मला दोघी हव्यात. डॉक्टर तासन् तास खाटेशेजारी बसू शकत नाहीत, मिडवाइफ बसते. ठोके मंदावले, कळ ओसरल्यावरही टाक्यापाशी दुखत राहिलं, अंगावरून रक्त गेलं, तर आधी तिच्याच लक्षात येणार आणि ती डॉक्टरांना बोलावणार.

डॉक्टरांची अडचण मला कळते. छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागतो, आणि काही झालं तर नातेवाईक डॉक्टरांच्याच अंगावर जातात. "माझ्याकडे रात्री भूलतज्ज्ञ नसतो, तुम्ही मोठ्या हॉस्पिटलला जा" हे चौथ्या महिन्यात ऐकलं असतं तर मी त्यांना धन्यवाद दिले असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी रुग्णालयांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझरने झालेली आहेत, सरकारीत १४.३. म्हणजे माझ्यासारख्या किती जणी हा प्रश्न घेऊन येणार! सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलंय की संमती घेताना धोके आणि पर्याय दोन्ही समजावून सांगायला हवेत. भीती घालून घेतलेल्या सहीला मी संमती मानत नाही.

आता वाशीच्या एका डॉक्टरांकडे नाव घातलंय. त्यांनी आधी फाइल वाचली, मग अटी सांगितल्या: कळा सुरू होताच ॲडमिट व्हायचं, मिडवाइफ चालेल, ठोक्यांचं मशीन काढायचं नाही, आणि कळा आपोआप आल्या नाहीत तर औषध देऊन आणणार नाही, कारण त्याने टाक्याचा धोका वाढतो, मग सिझरच. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.