३२ दात आहेत म्हणून ३२ वेळा चावायचं?

खानापूरपासून निपाणीपर्यंत आमच्या सगळ्या पाव्हण्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, कानडीतूनही आणि मराठीतूनही. दात ३२, म्हणून प्रत्येक घास ३२ वेळा चावा. पोटाला दात नसतात. न चावलेलं अन्न पोटात सडून त्याचं विष होतं. जेवताना पाणी प्यायलं की लाळ पातळ होते. आणि ३२ वेळा चावणाऱ्याला शुगरची गोळी लागत नाही. हे वाचून माझ्या मोठ्या आक्कानं पाच दिवस गोळी घेतली नाही. म्हणून लिहितोय.

आधी आकडा. लहान मुलाला दुधाचे दात २०, कित्येकांना अक्कलदाढा येतच नाहीत, आणि आमच्या आईचे सातच उरलेत. ती भाकरी आमटीत कुस्करून खाते, तिला ती पचते. घास पातळ होईपर्यंत चावत राहा, हा प्रचार अमेरिकेत होरेस फ्लेचर (१८४९–१९१९) यांनी केला. ते व्यापारी होते, डॉक्टर नव्हते. किती चावायचं ते पदार्थावर ठरतं. मी परवा मोजून पाहिलं. कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मऊ मिठाई, पाच-सहा वेळांत गेला. शेंगाचटणी लावलेल्या जोंधळ्याच्या भाकरीला पंचवीसेक लागले. गोकाकचा करदंट, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याची वडी, ४० झाले तरी दाढेत होता, त्यातला डिंक सुटतच नव्हता. घास मऊ, ओला झाला, गिळताना टोचेनासा झाला की पुरे. ते जिभेला आपसूक कळतं.

‘पोटाला दात नसतात’ हे वाक्य ऐकायला पटतं, पण याची परीक्षा दोनशे वर्षांपूर्वीच झाली आहे. १८२२ साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक बुजलं नाही. १८२५ मध्ये डॉ. विल्यम बोमाँट यांनी मांस, पाव, कोबीचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या भोकातून थेट आत सोडले. एकही तुकडा दाताला लागलेला नव्हता. तासाभरानं कोबी आणि पाव निम्मे विरघळले होते. दोन तासांनी तेही गेले आणि उकडलेलं मांसही. जठर आम्ल सोडतं आणि घुसळतं, बहुतेक अन्न एक-दोन मिलिमीटरइतकं बारीक झाल्यावरच पुढं जाऊ देतं. खरं पचन त्यानंतर लहान आतड्यात होतं. त्या आम्लात बहुतेक जंतूच मरतात, त्यामुळं तिथं अन्न सडून विष होत नाही. मक्याच्या दाण्याची साल शौचात दिसते, कारण ती पचवणारा रसच माणसाकडं नाही. कितीही चावली तरी ती साल पचत नाही.

मग चावणं फुकट का? मुळीच नाही. भाकरीचा तुकडा नुसताच चावत राहा, थोड्या वेळानं गोड लागेल. लाळेतला अमायलेज नावाचा पाचक रस पिठाची साखर करायला लागतो, त्याची ही चव. बदामांवरच्या एका प्रयोगात लोकांना १०, २५ आणि ४० वेळा चावायला लावलं. कमी चावलेल्या बदामातलं तेल जास्त प्रमाणात शौचावाटे बाहेर पडलं. मोठा घास घशात अडकतो, हा धोका तर सर्वांत खरा. पाच वर्षांखालच्या पोराच्या हातात अख्खे शेंगदाणे देऊ नका.

पाण्याचं थोडक्यात: लाळेत ९९ टक्के पाणीच असतं. वय झालेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं, त्याला भाकरीबरोबर घोट घोट पाणी हवंच.

आता गोळी. सावकाश जेवल्यानं पोट भरल्याचं वेळेत कळतं, दोन घास कमी जातात, एवढा फायदा आहे. पण शुगरमध्ये इन्सुलिन कमी पडतं किंवा त्याचा असर होत नाही, आणि ते चावून भरून निघत नाही. उलट भात फार बारीक चावला तर रक्तातली साखर जास्त चढते, असं काही प्रयोगांत दिसलंय. आक्काची शुगर सहाव्या दिवशी उपाशीपोटी २६० निघाली. डॉक्टरांनी तीच गोळी पुन्हा सुरू केली. तुमच्या घरात कुणी हा मेसेज वाचून गोळी थांबवली असेल, तर आज रात्रीच्या जेवणाआधी विचारा, आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून द्या.