नॅनीचा आवाज, ११८ दिवसांचा संप आणि आपल्याकडचे आठ तास

लालबागच्या आमच्या खोलीत १९८२ नंतर संप हा शब्द कोणी सहज उच्चारायचं नाही. बाबा गिरणीत विव्हिंग खात्यात होते, १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या मागे जे अडीच लाख कामगार बाहेर पडले त्यात तेही होते, मी तेव्हा सहा वर्षांची. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही, नुसता विरत गेला आणि बाबांची नोकरी त्याच्याबरोबर गेली. त्यामुळे जुलै २०२३ मध्ये इथे लॉस एंजलिसजवळ बरबँकला मी ऑफिसला जाताना स्टुडिओच्या गेटसमोर बोर्ड घेऊन गोल गोल चालणारी, संपावर गेलेली हॉलिवूडची कलाकार मंडळी पाहिली ना, तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळाच आला. संध्याकाळी बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "पुढारी कोण आहे गं त्यांचा?" मी म्हटलं, "एक नटी आहे बाबा, टीव्हीवर विनोदी कामं करायची." फोनवर बराच वेळ शांतता.

ती नटी म्हणजे फ्रॅन ड्रेशर, हॉलिवूडच्या कलाकारांच्या युनियनची तेव्हाची अध्यक्ष. हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमचा कॉलेजचा ग्रुप. दीपिका पदुकोणने आठ तासांची शिफ्ट मागितली आणि त्यावरून एका मोठ्या सिनेमातून ती बाहेर पडली अशी बातमी २०२५ मध्ये आली, तेव्हापासून तिथे हा वाद अधूनमधून पेटतो. कोटी कोटी घेतात मग नखरे कशाला, आम्ही नाही का बारा तास राबत, लोकलचे दोन तास वेगळेच, असं एकेक. दुसऱ्या बाजूचे म्हणतात आई झालीये ती, तिला हक्क आहे. मी दोन्ही वाचते आणि मला वाटतं की आपण भलत्याच माणसाबद्दल भांडतोय. दीपिका आठ तास मागू शकते, नाही मिळाले तर नाही म्हणून घरी जाऊ शकते. माझी मामेबहीण ठाण्याला एका मराठी मालिकेत नायिकेच्या काकूचं काम करते, तिला दोन्ही जमत नाही. सकाळी नऊची शिफ्ट, रात्री नऊला सुटायचं असतं पण आधी शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक नसली की साडेदहा अकरा होतात, परत दुसऱ्या दिवशी नऊला मेकअपला हजर. पैसे नव्वद दिवसांनी, तेही वेळेवर आले तर.

इथेच मला फ्रॅन ड्रेशर महत्त्वाची वाटते, आणि तिचं आयुष्य थोडं सांगितल्याशिवाय ते कळणार नाही.

जन्म १९५७ चा, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला, साध्या ज्यू घरातली मुलगी. बोलणं नाकातून, एकदम तिथल्या गल्लीतलं. १९७७ मध्ये सॅटर्डे नाइट फीव्हर या सिनेमात छोटासा रोल मिळाला, मग कित्येक वर्षं असेच छोटे छोटे रोल. १९८५ मध्ये लॉस एंजलिसच्या घरात हत्यारबंद माणसं घुसली, तिच्यावर बलात्कार झाला, हे तिने पुढे स्वतः जाहीरपणे सांगितलंय. सगळं गाडं मार्गी लागलं ते १९९३ मध्ये, द नॅनी या मालिकेने. ही मालिका तिने आणि तेव्हाचा तिचा नवरा पीटर मार्क जेकबसन दोघांनी मिळून उभी केली, आणि त्याची सुरुवात म्हणजे विमानात योगायोगाने सीबीएस या टीव्ही वाहिनीचा एक मोठा अधिकारी तिला भेटला आणि तिने त्याला प्रवासभर सोडला नाही! क्वीन्सची सेल्सगर्ल श्रीमंत इंग्रज माणसाच्या घरी मुलं सांभाळायला जाते एवढीच गोष्ट. पण नायिका ज्यूच राहील आणि माझ्यासारखीच बोलेल हे तिने धरून ठेवलं, तिला इटालियन करा असा दबाव असताना. सहा सीझन, १४६ भाग. तमाशातल्या बाईसारखं बोलू नकोस असं आपल्याकडे कोल्हापूर सोलापूरकडच्या किती मुलींना ऐकावं लागलंय आणि मग त्या कुठल्या भूमिकांत अडकतात ते आपण बघतोच. तो वेगळा विषय, पण हिने ज्या आवाजाची टिंगल झाली तोच आवाज कामाला लावला हे मला फार आवडतं.

मालिका संपली त्याच सुमारास घटस्फोट झाला, आणि २००० मध्ये गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. दोन वर्षं त्रास होत होता, आठ डॉक्टर झाले तरी निदान होत नव्हतं. बरी झाल्यावर पुस्तक लिहिलं, बायकांना लवकर निदान व्हावं म्हणून संस्था काढली. हे सांगते कारण मला वाटतं पुढे संपात जी फ्रॅन दिसली ती इथूनच आलीये, समोरचा मोठा माणूस ‘काही झालेलं नाही, घरी जा’ म्हणतो तेव्हा गप्प बसायचं नाही, हे ती तिथे शिकली असावी.

२०२१ मध्ये ती सॅग आफ्ट्रा या कलाकारांच्या युनियनची अध्यक्ष झाली. साधारण एक लाख साठ हजार सभासद. सिनेमात ज्यांना आपण बघतो ते त्यातले मूठभर, बाकी गर्दीत उभे राहणारे, दोन वाक्यांचा वेटर करणारे, जाहिरातीत आवाज देणारे. युनियनचा आरोग्य विमा मिळायला तेव्हा वर्षाला २६,४७० डॉलर कमाई लागायची, आणि बहुतेक सभासद तेवढंही कमवत नाहीत. अमेरिकेत विम्याशिवाय आजारी पडणं म्हणजे काय हे इथे राहणाऱ्यालाच कळतं. शिवाय मालिका परत दाखवली की कलाकाराला जो थोडा थोडा हिस्सा मिळत राहतो, ज्याला रेसिड्युअल म्हणतात, तो स्ट्रीमिंग आल्यावर अगदीच किरकोळ झाला होता. आणि एआयची भीती. युनियनचं म्हणणं होतं की स्टुडिओंना गर्दीतल्या कलाकाराला एक दिवसाचे पैसे देऊन स्कॅन करून त्याचा चेहरा कायमचा वापरायचाय, स्टुडिओवाल्यांनी ते नाकारलं.

संप सुरू होण्याच्या चारच दिवस आधी फ्रॅन इटलीत एका फॅशन शोला होती, फोटो बाहेर आला, शिव्या पडल्या. मलाही तेव्हा राग आला होता. पण १३ जुलैला तिने जे भाषण केलं ते मी तीनदा ऐकलं. आवाज थरथरत होता, मोठे अधिकारी कोट्यवधी घेतात आणि आमच्यापुढे गरिबीचं गाणं गातात असा एकूण सूर. नंतर वाटाघाटींच्या टेबलावर ती हृदयाच्या आकाराचं एक मऊ खेळणं घेऊन बसायची त्यावरही लोक बोलले. बाई पुढारी असली की ती काय घेऊन बसते यावर बोलायचं, हे इथेही आहेच.

तेव्हा लेखकांचाही संप चालू होता, दोन्ही एकत्र असं १९६० नंतर पहिल्यांदाच झालं. आणि १९६० ला काय मिळालं होतं? पेन्शन, आरोग्य विमा आणि सिनेमांचे रेसिड्युअल. म्हणजे आज जी काकू किंवा वेटर इथे म्हातारपणी औषध घेऊ शकते ती त्या जुन्या संपामुळे. यावेळी ११८ दिवस लागले. ९ नोव्हेंबरला संप थांबला, डिसेंबरमध्ये ७८ टक्क्यांहून जास्त मतांनी करार मान्य झाला, किमान दरात वाढ, स्ट्रीमिंगचा बोनस, डिजिटल नक्कल करायची तर आधी संमती आणि पैसे.

आता इथलं सगळं गोड आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. आमच्या शेजारी राहणारी बाई सेटवर मेकअप करायची, ती या युनियनची नव्हतीच, तिला सहा महिने काम नव्हतं आणि शेवटी ती ॲरिझोनाला बहिणीकडे गेली ती परत आलीच नाही. संपावर असणाऱ्याला कॅलिफोर्नियात बेकारी भत्ता मिळत नाही, तो द्यावा असं बिल पास झालं होतं पण गव्हर्नरने सही केली नाही. संपानंतर इथलं शूटिंग पूर्वीसारखं परत आलं नाही. एआयची कलमं लेचीपेची आहेत असं खुद्द युनियनमधलेच काहीजण म्हणाले. आणि तंत्रज्ञांचे बारा चौदा तास इथेही चालतात, हॉलिवूड आठ तासांत घरी जातं असं ग्रुपवर कोणीतरी लिहिलंय ते चूक आहे.

पण फरक आहे तो असा. इथे रोजंदारीवरच्या कलाकाराचे आठ तास झाले की ओव्हरटाइम सुरू होतो, सहा तासांत जेवणाची सुट्टी दिली नाही तर दंड, आणि घरी सोडल्यापासून परत बोलवेपर्यंत बारा तासांची विश्रांती, ती मोडली तर त्याचेही पैसे. तास वाढतात, पण फुकट वाढत नाहीत. आणि ही कलमं दोन वाक्यांच्या वेटरलाही लागू. कोणाला निर्मात्याकडे जाऊन माझं बाळ लहान आहे हो असं सांगावं लागत नाही. आपल्याकडेही सिने कामगारांचा कायदा १९८१ मध्येच झाला होता, लेखी करार हवा असं त्यात होतं, संघटना आहेत, त्यांचं फेडरेशन आहे. पण मालिकेतली काकू संघटनेकडे तक्रार घेऊन जायला घाबरते, कारण उद्यापासून काकू परदेशी गेली असं दाखवून तिला काढता येतं.

बाबांशी यावर परवा परत बोलले. ते आता ८१ चे आहेत. ते म्हणाले, आमच्या वेळी कायद्याने एकच युनियन मान्य होती आणि कामगार होते दुसऱ्याच्या मागे, मालक म्हणायचे आम्ही बोलायचं कोणाशी. मला वाटलं, इथे निदान ज्यांना सभासदांनी निवडून दिलं तेच टेबलावर बसले, आणि पुढे बसलेली बाई स्वतः पैसेवाली, तिच्या मालिकेचे भाग अजून कुठे ना कुठे चालू असतात, तिला विम्याच्या त्या २६,४७० डॉलरची काळजी नव्हती. तरी ती बसली. दीपिकाने आठ तास मागितले याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट बरं वाटलं. पुरुष स्टार वर्षानुवर्षं आठच तास काम करतात असंही ती नंतर बोलली, तेही खरंच असेल. मला फक्त एवढंच हवंय की तिच्यासारख्या एखादीने ठाण्याच्या सेटवरच्या काकूसाठीही तेच मागावं, फेडरेशनच्या खुर्चीत बसून मागावं.

मामेबहिणीला मी म्हटलं तुझा करार पाठव बघू. तिने फोटो पाठवले, सहा पानं आहेत. बाहेर दुसरं काम घ्यायचं नाही, मुलाखती विचारून द्यायच्या, केस कापायचे नाहीत, वजन वाढवायचं नाही, सगळं लिहिलंय. तासांचा आकडा कुठेच नाही. जूनमध्ये नवीन सही आहे, त्याआधी मला पाठव असं तिला सांगून ठेवलंय.