वॅफलात सोडा वाढवू नका बाबांनो

आमच्या फॅमिली ग्रुपवर कालपासून एक मेसेज फिरतोय, की घरचं वॅफल कुरकुरीत व्हायला पिठात चमचाभर खायचा सोडा जास्तीचा घाला. तर ते चुकीचंय. सोड्याला ताक, दही असलं काहीतरी आंबट लागतं, तेवढ्यापुरताच तो कामाला येतो, उरलेला साबणासारखा लागतो आणि रंग मात्र पटकन तांबूस येतो, त्यामुळं झालं असं वाटतं पण आतनं ओलंच. गेल्या रविवारी पोराच्या वाढदिवसाला मी हेच केलं, सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि गपचूप ताटली बाजूला सारली. कुरकुरीतपणा येतो तो वाफ निघून गेल्यानं आणि लोण्या-तेलानं. १ कप मैद्यातले २ मोठे चमचे काढून तिथं कॉर्नफ्लोअर घाला, मशीन आधी चांगलं तापू द्या आणि कडेनं येणारी वाफ जवळजवळ थांबेस्तोवर झाकण उघडू नका, नाहीतर मधनंच फाटतंय. काढल्यावर एकावर एक रचू नका, घाम सुटून मऊ पडतात, जाळीवर सुटे ठेवा. आणि वरनं मेपल सिरप कशाला, आपला कोल्हापुरी गूळ पातळ करून घाला, लै भारी लागतंय बघा.