ॲडमिनिस्ट्रेटर कुठं बसतो?

सोलापुरात अडलेलं कुठलंही काम सुटतं, फक्त ते कोणाच्या हातात आहे तेवढं कळायला लागतं. चार-पाच दिवसांआड येणारं नळाचं पाणीच घ्या. ते उजनीतून येतं, महापालिका सोडते, हे सगळं पेपरात छापायला ठीक. गल्लीला माहीत असतं की ते चावीवाला सोडतो, आणि तो आत्ता कुठल्या टपरीवर चहा पितोय. आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरनं मात्र ज्याची परवानगी आणायला सांगितली, तो चावीवाला पृथ्वीच्या पाठीवर नव्हताच.

ऑफिस म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला चिकटलेली एक खोली. भिंतीपलीकडे माग, अलीकडे मी. टॅली, जीएसटी, ई-वे बिल, सगळं मीच बघतो, तरी मालक मला अजून दिवाणजीच म्हणतात. जुना प्रिंटर सुताची धूळ खाऊन खाऊन वारला, म्हणून नवा आणला होता. केबल लावली, प्रिंटर चालवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, टाकायला घेतला, तोच पडदा काळवंडला आणि मधोमध एक पेटी उगवली. या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का? खाली ‘येस’ आणि ‘नो’. नो ठसठशीत. येस आजारी माणसासारखं फिकट, कितीही दाबा, ढिम्म. पासवर्ड टाकायला रकानासुद्धा नाही. प्रश्न विचारायचाच कशाला मग?

बाहेर हैदराबादचा ट्रक भरून उभा. ड्रायव्हरला बिल पाहिजे, ई-वे बिल पाहिजे आणि तेही कागदावर पाहिजे. “मोबाईलवर पाठवतो की,” म्हटलं, तर म्हणाला, “अन् वाटेत साहेबानं मोबाईलच ठेवून घेतला तर?” यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. तो टायरच्या सावलीत बसला आणि कडक भाकरी, शेंगाचटणी सोडून निवांत जेवायला लागला.

मालक आले. “काय झालं दिवाणजी?”

“ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागालंय.”

“मग द्या की.”

“मी नाही ॲडमिनिस्ट्रेटर.”

“कॉम्प्युटर कोणाचा? माझा. पैसे कोणी मोजले? मी. दिली परवानगी. हाणा!”

मी हाणलं. येस हललं नाही. मग मालकांनी माउस घेऊन स्वतः हाणलं, आणि शेवटी पडद्यावरच्या येसवर अंगठा दाबून बघितला. तिथं अंगठ्याचा ठसा उमटला, परवानगी काही उमटली नाही.

मग पुण्याला फोन गेला. मालकांचा भाचा तिकडं आयटीत आहे. दिवाळीला आला तेव्हा लाडू खाता खाता त्यानं आमच्या कॉम्प्युटरची ‘सिक्युरिटी’ केली होती. काय केली ते त्यानं फार कौतुकानं सांगितलं. विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर नावाचं, सगळे अधिकार असलेलं एक मूळ खातं जन्मापासून असतं, पण 2007 साली व्हिस्टा नावाची विंडोज आली तेव्हापासून ते बंद करूनच देतात. भाच्यानं ते उघडलं. आत शिरून माझं खातं साधं केलं, स्वतःचं पुसलं, आणि काम झाल्यावर मूळ खातं बंद करावं असं कुठंतरी वाचलं होतं म्हणून जाता जाता तेही बंद केलं. म्हणजे यंत्रात अधिकार असलेला एकही जीव शिल्लक नाही. “आता कोणी हॅक करूच शकत नाही, मामा,” म्हणाला. खरं होतं ते. हॅकरला तरी कुठं प्रिंट मिळाली असती?

मला 2001 सालची जुनी विंडोज एक्सपी आठवली. तेव्हा खुर्चीत बसेल तो ॲडमिनिस्ट्रेटर. चहा घेऊन येणारा पोऱ्यासुद्धा. व्हायरसही त्याच हक्कानं यायचे, ते सोडा. व्हिस्टानं ती मौज संपवली. तेव्हापासून खऱ्या ॲडमिनिस्ट्रेटरलाही लॉगिन केल्यावर दोन परवाने मिळतात, एक साधा, एक मोठा. दिवसभर काम साध्यावरच. मोठा काढायचा झाला की ती काळवंडलेली पेटी येते आणि येस म्हणावं लागतं. आपण स्वतःलाच विचारायचं, स्वतःलाच हो म्हणायचं. आमच्याकडं तर विचारणारा होता, हो म्हणणाराच नव्हता.

नवी पेठेतून एक दुरुस्तीवाला आला. त्यानं कॉम्प्युटर चालू होण्याआधीच सांगितलं, “फॉरमॅट मारावं लागतंय.” या लोकांचं औषध एकच. प्रिंट येत नाही, फॉरमॅट. आवाज येत नाही, फॉरमॅट. टॅलीचा हिशोब जाईल म्हटल्यावर मालकांचा चेहरा पडला. “बॅकअप आहे ना?” सगळे माझ्याकडं बघायला लागले. बॅकअप होता. पेनड्राइव्हवर. तो पेनड्राइव्ह गाणी भरून देतो म्हणून भाचा पुण्याला घेऊन गेला होता.

सोडवलं ते वार्पिंगमधल्या, म्हणजे मागासाठी ताणा तयार करणाऱ्या अक्कांच्या मुलीनं. इंजिनिअरिंगला आहे, आईचा डबा द्यायला आली होती. दारातूनच म्हणाली, “शिफ्ट दाबून धरा अन् रीस्टार्ट करा. बोट सोडू नका.” निळा पडदा आला. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, परत रीस्टार्ट, मग 4 आकडा. सेफ मोड, म्हणजे गरजेपुरतंच चालू होणारं विंडोज. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावायचं कुलूप, चालू असतं तर इथं 48 आकडी किल्ली मागितली असती म्हणे. ते भाच्याला दिवाळीत सुचलं नाही, ही सिद्धरामेश्वरांची कृपा.

आणि समोर साक्षात ॲडमिनिस्ट्रेटर! यंत्रात चालू असलेलं एकही ॲडमिन खातं उरलं नसेल, तर हे बंद मूळ खातं सेफ मोडमध्ये आत घेतं. एखादं जरी शिल्लक असेल, तर तिथंही घेत नाही. म्हणजे भाच्यानं काम अर्धवट केलं असतं, एखादं खातं पासवर्डसकट विसरून गेला असता, तर आम्ही मेलो होतो. सत्यानाश पूर्ण केला म्हणून वाचलो. एवढी सिक्युरिटी करून मूळ खात्याला पासवर्ड मात्र ठेवलाच नव्हता. नुसतं एंटर.

“आता सगळं आपलंच ना?” मालक खुशीत आले. “मग ते जुन्या प्रिंटरचं सामान उडवा.” विंडोजच्या फोल्डरमधली एक फाईल पुसायला गेलो तर उत्तर आलं, ट्रस्टेडइन्स्टॉलरची परवानगी आणा. विंडोजच्या स्वतःच्या फाईली राखणारा, ॲडमिनिस्ट्रेटरच्याही वर हा एक!

“हा कोण बे आणि?” मालक भडकले. “याला पगार कोण देतंय?”

पोरीनं फाईलला हात लावू दिला नाही. एक नवं ॲडमिन खातं काढलं, मूळ खातं परत बंद केलं, प्रिंट काढल्या आणि ट्रक हलवला. नव्या खात्याचं नाव मालकांनी ‘मालक’ असंच ठेवायला लावलं. पासवर्ड त्यांनी स्वतः टाकला, एका बोटानं, आम्हा सगळ्यांना भिंतीकडं तोंड करून उभं करून.

पुढच्या आठवड्यात मालक वरंगलला लग्नाला गेले आणि इकडं बँकेच्या सहीच्या सॉफ्टवेअरनं अपडेट मागितलं. पेटी आली. येस आता ठणठणीत, वर ‘मालक’ नाव, पुढं पासवर्डचा रकाना. फोन लावला. “पासवर्ड फोनवर सांगत नसतात,” मालक म्हणाले. उद्या शेवटची तारीख आहे म्हटल्यावर जरा विरघळले. “स्पीकरवर घ्या, तेलुगूत सांगतो. म्हणजे बाहेरच्याला कळायचं नाही.”

मागांचा आवाज मोठा म्हणून त्यांनी ओरडून सांगितला, दोनदा. कारखान्यात झाडून सगळ्यांची घरची भाषा तेलुगू, तेवढी मलाच येत नाही. कांडीवरच्या मावशींनी आत येऊन मला तो नीट लिहून दिला.