जनरेटेड कोड कोणाचाच नसतो का?

आज डोकं फिरलंय त्यामुळे पोस्ट लांब होणार आहे. आयटीत नसाल तर खुशाल पुढे जा.

सकाळच्या कॉलवर साहेबांनी टीममधल्या सगळ्यात ज्युनिअर पोराला सगळ्यांदेखत झापलं. कारण काय, तर आमची एक सर्व्हिस स्प्रिंग बूट ३ या जावा फ्रेमवर्कवर नेली आणि बाहेरून येणारी एक्सएमएल (टॅगमध्ये बांधलेला डेटा, एकेक टॅग म्हणजे एलिमेंट) वाचताना एरर यायला लागली, 'अनएक्स्पेक्टेड एलिमेंट', आणि पुढे 'एक्स्पेक्टेड एलिमेंट्स आर नन'. म्हणजे जॅक्सबी (एक्सएमएलचे जावा ऑब्जेक्ट करणारी लायब्ररी) म्हणतंय की मला एकही एलिमेंट माहीत नाही, तू कशाबद्दल बोलतोयस. पोरगं म्हणालं, क्लास तर त्यांच्याच स्कीमावरून, म्हणजे एक्सएमएलच्या आराखड्यावरून, टूलने जनरेट केलेत, मग ओळखत का नाहीये? त्यावर साहेबांचं उत्तर, 'अरे जनरेटेड आहे ना ते, त्यात बघायचंय काय? क्लीन मार आणि परत जनरेट कर.'

ते बिचारं परवापासून दुसरं काय करतंय! साचाच चिरलेला असेल तर मोदक कितीही वेळा काढा, चीर येणारच ना.

मला अशा वेळी आमचे काका आठवतात. हिंजवडीत एका इन्शुरन्सच्या प्रोजेक्टवर होते मी, जावा ८ चा जमाना, आणि काका म्हणजे मेनफ्रेममधून जावात ढकललेले, रिटायरमेंटला आलेले, टीममधली पोरं त्यांच्या मागे हसायची. क्लायंटने शुक्रवारी संध्याकाळी (कायम शुक्रवारीच कसं सुचतं यांना) नवीन स्कीमाची झिप मेल केली, आम्ही क्लास जनरेट केले, बिल्ड हिरवा, सगळे खूश. सोमवारी कळलं की पॉलिसी येतायत पण नॉमिनीचं नाव रिकामं, पत्ता रिकामा, हप्ता रिकामा. ऑब्जेक्ट बनतोय, आत सगळं नल. एक्सेप्शन नाही, लॉग स्वच्छ. ज्याने कोणी ठरवलं की अनोळखी एलिमेंट दिसलं तर जॅक्सबीने मुकाट्याने गिळून टाकायचं, त्याला एकदा प्रॉडक्शन सपोर्टच्या नाइट शिफ्टला बसवलं पाहिजे. सगळ्यात बाहेरचं एलिमेंट, म्हणजे रूट, अनोळखी असेल तरच बोंबलतं, आतलं गेलं तर गेलं.

सगळे डेटाबेसवर संशय घेत होते. नेटवर्कवर सुद्धा! काकांनी फक्त एवढंच विचारलं, आधीच्या बिल्डमधल्या जनरेट झालेल्या फायली कुणाकडे आहेत का. गिटमध्ये (जिथे कोडच्या जुन्या आवृत्त्या राहतात) नव्हत्याच, बिल्डचं टार्गेट फोल्डर तिथे कोण कमिट करतं. एकीच्या लॅपटॉपवर जुना बिल्ड पडलेला सापडला. काकांनी दोन्ही फोल्डर डिफला, म्हणजे फरक दाखवणाऱ्या टूलला, लावले आणि चहा प्यायला गेले. शेकडो क्लास जसेच्या तसे, फरक एकाच फाईलमध्ये, पॅकेज-इन्फो, जी कुणी जन्मात उघडत नाही. जुन्यात एलिमेंटफॉर्मडिफॉल्टला क्वालिफाइड लिहिलेलं (आतल्या एलिमेंटलाही नेमस्पेस हवी, म्हणजे ते कुठल्या स्कीमाचं हे सांगणारं नाव), नव्यातून ते गायब. म्हणजे क्लासना आता आतली एलिमेंट बिननेमस्पेसची हवी होती आणि क्लायंटची सिस्टिम अजून नेमस्पेस लावूनच पाठवत होती. स्कीमा बदलला होता, सिस्टिम नाही. रूटला नेमस्पेस असतेच, म्हणून वरून सगळं ठीक दिसायचं.

हे शोधायला काकांनी काय केलं? फाईल उघडून वाचली. बस.

आज दुपारी मीही त्या पोराला शेजारी बसवून तेच केलं. जनरेट झालेला क्लास उघड म्हटलं, वरच्या इम्पोर्टच्या ओळी वाच. तिथे जावाएक्स, म्हणजे पॅकेजचं जुनं नाव. जॅक्सबी जावा ११ मधून काढलं २०१८ साली, मग २०२० मध्ये त्याच्या पॅकेजचं नाव जावाएक्सचं जकार्ता झालं, आणि स्प्रिंग बूट ३ ला जकार्ताच लागतं. आमचा क्लास जनरेट करणारा मेव्हनचा (बिल्ड टूलचा) प्लगिन जुना, तो अजून जावाएक्सचीच अॅनोटेशन (कुठला क्लास कुठल्या एलिमेंटचा हे सांगणाऱ्या खुणा) लिहितोय, रनटाइमला ती दिसतच नाहीत, मग त्याच्या लेखी हे सगळे साधे क्लास, एलिमेंट 'नन'. एरर अगदी खरं बोलत होती हो! प्लगिन बदलला, चाललं. पोराचा चेहरा बघवत नव्हता, एवढ्यासाठी दोन रात्री जागलं होतं ते.

डॉटनेटवाल्यांनी (मायक्रोसॉफ्टच्या बाजूच्यांनी) हसायचं कारण नाही. तुमच्या एक्सएसडी टूलने स्कीमावरून बनवलेल्या क्लासमध्ये ऑप्शनल रक्कम भरायची आणि शेजारचा 'स्पेसिफाइड' हा फ्लॅग ट्रू करायला विसरायचं, की एक्सएमएलमधून ते एलिमेंटच गायब. तिथेही एरर नाही.

मान्य, हाताने तीनशे क्लास लिहायला मला कुणी सांगितलं तर मी राजीनामा देईन. टूल हवंच.

पण टूलने लिहिलं म्हणजे ते कोणाचंच नाही, हे कुठून आलं? बिघडलं की सगळ्यात धाकट्याच्या गळ्यात. आणि सल्ले काय देतात, तर हा क्लास रूट आहे असं सांगणारं रूटएलिमेंटचं अॅनोटेशन नाहीये ना, मग हाताने टाक त्या क्लासमध्ये. अरे, फाईलच्या डोक्यावर लिहिलेलं असतं की इथले बदल पुढच्या कंपाइलला जातील! स्कीमात टाइपला स्वतःचं नाव असेल तर ते अॅनोटेशन येत नाही, सोबत जनरेट झालेल्या ऑब्जेक्टफॅक्टरीतून जॅक्सबीएलिमेंट या वेष्टनात गुंडाळून द्यायचं असतं. पेमेंटवाल्यांना विचारा, आयएसओ २००२२ या त्यांच्या मेसेजच्या मानकातलं डॉक्युमेंट हे रूट असंच आहे. बदल करायचाच तर जनरेट करणाऱ्या टूलला सूचना देणारी बाइंडिंग फाईल आहे ना त्यासाठी. आणि एक्सएमएल वाचणाऱ्या अनमार्शलरला स्कीमा लावा, म्हणजे चुकीचं एलिमेंट आलं की तिथल्या तिथे ओरडेल. हो, थोडं स्लो होतं. नॉमिनी रिकामा जाण्यापेक्षा बरं.

तारखेचं तर बोलूच नका. वेळ नसलेल्या साध्या एक्सएस-डेटला जॅक्सबी मागे +०५:३० (आपला टाइमझोन) चिकटवून पाठवतं आणि समोरचा ती यूटीसी वेळेत नेऊन एक दिवस मागे ढकलतो. काकांनी त्यासाठी वहीत एक वेगळं पान केलं होतं, खरंच.

जाऊ दे, आता जरा शांत झालेय. साहेबही वाईट माणूस नाहीत, त्यांच्यावर वरून डेडलाइन आहे. पण उद्याच्या कॉलवर मी मांडणार आहे की स्कीमा बदलला की जुन्या-नव्या जनरेट झालेल्या फायलींचा डिफ रिव्ह्यूला आलाच पाहिजे, आणि त्या फायली गिटमध्ये ठेवल्या तर 'रेपो (कोडचा साठा) जड होतो' म्हणून कुणी नाही म्हणालं तर मी वेगळा रेपो मागणार आहे.