बाबांच्या वहीतला नकाशा

आज सकाळी प्रतापनगरला बाबांकडे गेले, तेव्हा ते संगणकासमोर एक वही उघडून बसले होते. पानावर पट्टी लावून नीट चौकटी आखलेल्या होत्या आणि प्रत्येक चौकटीत त्यांच्या सुवाच्य अक्षरात एकेक नाव होते. पहिल्या स्तंभात चौथ्या ओळीला ‘पेन्शन’, सहाव्या ओळीला ‘पाणीपट्टी’, दुसऱ्या स्तंभात वरून तिसरे ‘नातवंडे’. हे काय, असे विचारल्यावर शांतपणे म्हणाले, “पडद्यावरची नावं वाचता येऊन नाही राहिली, म्हणून जागा पाठ करून राहिलो.”

सिंचन विभागात चौतीस वर्षे कालव्यांचे नकाशे वाचलेल्या माणसाने शहात्तराव्या वर्षी स्वतःच्याच डेस्कटॉपचा नकाशा काढला होता. मला आधी हसू आले, मग लाज वाटली आणि आता संध्याकाळी हे लिहायला बसले असताना फक्त राग उरला आहे.

हे सगळे जुलैत सुरू झाले. संगणक मंद झाला म्हणून बाबांनी दुरुस्तीसाठी एका मुलाला घरी बोलावले. त्याने अर्ध्या तासात काहीबाही केले, “काका, आता एकदम फास्ट” असे सांगितले आणि पैसे घेऊन तो गेला. संगणक खरोखरच वेगाने चालू लागला, एवढे श्रेय त्याला द्यावेच लागेल. पण त्याच दिवसापासून आयकॉनांखालची नावे बाबांना दिसेनाशी झाली. फोनवर त्यांनी मला तसे सांगितलेही होते. मी काय म्हणाले असेन? “बाबा, डोळे तपासून घ्या.”

त्यांनी डोळे तपासले. नंबरात ०.२५ चा फरक निघाला, साडेतीन हजारांचा नवा चष्मा आला, तरीही नावे दिसेनात. मग त्यांनी दुसरीकडे पुन्हा तपासले. दोष आपलाच आहे असे ते धरून चालले होते, कारण आपल्याकडे साठीनंतर काहीही दिसेनासे झाले की दोष डोळ्यांचाच असतो, पडद्याचा कधीच नसतो.

आज मी स्वतः तपासायला बसले आणि दहा मिनिटांत उलगडा झाला. विंडोजच्या ‘परफॉर्मन्स ऑप्शन्स’मध्ये ‘ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ नावाचा एक पर्याय असतो. तो निवडला की दिखाऊ म्हणून गणलेल्या सगळ्या गोष्टी एका फटक्यात बंद होतात. खिडक्यांची सरकती हालचाल जाते, तिचे मला काही वाटत नाही. पण त्याच यादीत अक्षरांच्या कडा मऊ करणारी सोय असते आणि आयकॉनांच्या नावांमागची काळी सावलीही असते. त्या दोन्हींच्या खुणाही पुसल्या जातात. ज्याने कुणी ही यादी बनवली, त्याच्या लेखी नाव वाचता येणे हा दिखावा होता!

ही सावली म्हणजे काय, तेही सांगते. डेस्कटॉपवर चित्र लावले की आयकॉनांची नावे पांढऱ्या अक्षरांत दिसतात. चित्र कोणत्याही रंगाचे असू शकते, म्हणून अक्षरांच्या मागे एक बारीक गडद सावली पाडलेली असते आणि उजळ चित्रावर अक्षर तिच्याच आधाराने उभे राहते. आता बाबांच्या डेस्कटॉपवर काय आहे? दीक्षाभूमी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्यांनी स्वतः मोबाइलने काढलेला, स्तूपाच्या पांढऱ्याशुभ्र घुमटाचा फोटो. तो फोटो सबंध पडदा व्यापून होता आणि त्या पांढऱ्या घुमटावर, सावली काढून घेतलेली पांढरी अक्षरे होती. मला चाळिशीचा चष्मा आहे आणि खरे सांगते, मलाही ‘पाणीपट्टी’ सापडली नाही.

वेबवरील मजकूर सर्वांना वाचता यावा म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष २००८ साली आले, त्यांत साध्या आकाराचे अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावे, असे सांगितले आहे. काळ्यावर पांढरे लिहिले तर ते २१ ला १ होते. पांढऱ्या घुमटावर पांढरे नाव म्हणजे जेमतेम १ ला १. तिथे गरुडाचे डोळे असते तरी उपयोग नव्हता.

त्यातून बाबांच्या फायलींची नावे मराठीत आहेत. इंग्रजी मुळाक्षरे लहान आकारात कशीबशी तग धरतात, देवनागरीचे तसे नाही. आयकॉनाच्या नावाचा मूळ आकार ९ पॉइंट असतो, म्हणजे नेहमीच्या मापात पडद्याचे अवघे १२ ठिपके. त्या १२ ठिपक्यांत शिरोरेषा, तिच्यावरची वेलांटी, रफार, मधले जोडाक्षर आणि खालचा उकार एवढा संसार मांडायचा असतो. कडा मऊ करणारी सोय बंद केली की हे सगळे एकमेकांत घुसते आणि अनुस्वाराचा एक ठिपका हरवला की ‘वंदन’चे ‘वदन’ होते. ज्यांच्या सगळ्या फायलींची नावे इंग्रजीत असतात, त्यांना हे कळणार नाही आणि बाबांनी नावे इंग्रजीत द्यावीत असा सल्ला कृपया कोणी देऊ नये. तो आमच्याच घरातून एकदा देऊन झाला आहे.

दुसराही एक सल्ला देऊन झाला होता. कंट्रोल दाबून माउसचे चाक फिरवायचे, म्हणजे सगळे मोठे होते, असे माझ्याच भावाने त्यांना फोनवर सांगितले होते. त्याने फक्त चित्रे फुगतात, खालचे अक्षर तेवढेच राहते. म्हणजे बाबांसमोर पिवळी फोल्डरे ताटलीएवढी झाली आणि त्यांच्याखाली तीच न दिसणारी नावे. शिवाय आयकॉन मोठे झाल्यामुळे स्तंभ बदलले आणि वहीतला नकाशा पुन्हा काढावा लागला.

हो, पुन्हा. कारण तो याआधीही एकदा मोडला होता. आयकॉन आपोआप रांगेत लावण्याचा पर्याय चालू होता, त्यामुळे ऑक्टोबरात त्यांनी एक नको असलेली फाइल काढून टाकली, तेव्हा तिच्याखालचे सगळे आयकॉन एकेक घर वर सरकले. बाबांनी चौथ्या ओळीवर क्लिक केले, पेन्शनच्या कागदांऐवजी भलतेच काही उघडले आणि आपली स्मरणशक्ती जात चालली आहे, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले. हे त्यांनी आम्हाला सांगितले नाही. आज बोलता बोलता सहज सांगितले. एका बिनडोक पर्यायामुळे एका बुद्धिमान माणसाने कित्येक आठवडे स्वतःला विसराळू समजावे, याला काय म्हणायचे? आणि हा नोव्हेंबर आहे, हयातीचा दाखला द्यायचा महिना. आपण जिवंत आहोत हे सांगण्यासाठी लागणारे कागद उघडायलासुद्धा त्यांना वही लागत होती.

रागाच्या भरात हेही लिहून टाकते. विंडोज ७ मध्ये आयकॉनांच्या नावांचा फॉन्ट आणि आकार दोन्ही निवडता येत असत. विंडोज ८ मध्ये फॉन्ट गेला, आकार राहिला. २०१७ च्या एप्रिलमधल्या विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीत तोही काढून टाकला आणि २०१८ च्या ऑक्टोबरात सगळीच अक्षरे मोठी करणारी एक सरकपट्टी दिली. ती १०० पासून २२५ टक्क्यांपर्यंत जाते आणि चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण मधल्या दीड वर्षात ज्यांना फक्त अक्षरे मोठी हवी होती, त्यांनी काय करायचे होते?

असो. आता आम्ही काय केले ते सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असे एक बाबा किंवा आई असणारच.

त्या यादीतल्या दोन्ही खुणा परत लावल्या. विंडोजच्या सेटिंग्जमधील ‘ईज ऑफ ॲक्सेस’ या भागातली ती सरकपट्टी १३० टक्क्यांवर नेली. पडद्याचे रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांचे माप, तेही त्या मुलाने कमी करून ठेवले होते, बहुधा अक्षर मोठे दिसावे म्हणून. त्याचा हेतू वाईट नव्हता, हेही मान्य. पण एलसीडी पडद्याचे ठिपके ठरलेले असतात. त्यांच्याशी न जुळणारे माप दिले की अक्षर मोठे होते आणि पुसटही होते. ते मूळच्या १९२० गुणिले १०८० वर आणले.

राहिला फोटो. मी म्हटले, बाबा, साधा गडद निळा रंग लावू या, सगळ्यांत स्वच्छ दिसेल. ते काही बोलले नाहीत, नुसते घुमटाकडे बघत राहिले. मग मलाच ते बरे वाटेना. सुदैवाने फोटो मोबाइलचा, ४ ला ३ या मापाचा होता. पडदा भरून टाकण्याऐवजी ‘फिट’ हा पर्याय निवडला, तेव्हा दीक्षाभूमी पूर्ण उंचीने मधोमध बसली आणि दोन्ही बाजूंना रुंद पट्टे मोकळे सुटले. त्या पट्ट्यांना गडद निळा रंग दिला आणि आयकॉन आपोआप लावण्याचा पर्याय बंद करून ते सगळे डाव्या पट्ट्यात दोन स्तंभांत उभे केले. निळ्यावर पांढरी नावे ठळक उठून दिसली. घुमटावर आता एकही आयकॉन नाही, आणि तो तसाच तर दिसायला हवा होता.

बाबांनी खुर्ची मागे घेतली, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि वरून एकेक नाव मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वाचनाचा पहिला धडा घेतल्यासारखे. पाणीपट्टी. नातवंडे. कालवा टिपणे. मी स्वयंपाकघरात चहा ठेवायला निघाले होते, तेवढ्यात चौथ्या नावाशी ते थांबले.

“हे ‘निवृत्तीवेतन’ दीर्घ कोणी लिहिलं?”

“तुम्हीच, बाबा.”

“समासात आधी आलं की ‘त्ति’ ऱ्हस्व होते. चार महिने चुकीचं लिहिलेलं होतं अन् कोणी सांगितलं नाही,” असे म्हणून त्यांनी नाव बदलायची एफ-टू कळ दाबली आणि वेलांटी बदलली. मग वहीतल्या चौथ्या चौकटीकडे पाहिले. तिथे ‘पेन्शन’ लिहिलेले होते. ते त्यांनी तसेच राहू दिले आणि वही मिटून खणात ठेवली.