नाणेघाट राहिला की!

जुन्नरची शाळा सहलीला शिवनेरी आणि लेण्याद्रीला गेली, हे वाचून बरं वाटलं. हल्ली सहल म्हणजे वॉटरपार्क! पण जवळचाच नाणेघाट, जुनी व्यापारी घाटवाट, का वगळलात? मी सातवीची पोरं नेली होती. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. पोरं आत डोकावून नाणी शोधत बसली. खरी गंमत गुहेत. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी या प्राचीन लिपीतला लेख, यज्ञात दान दिलेल्या गाई-घोड्यांचे आकडे कोरलेले, दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्यात एकचा आकडा म्हणजे नुसती आडवी रेघ, शंभराला स्वतंत्र खूण, शून्य नाहीच. "बाई, मग गुणाकार कसा करत असतील?" एकाने विचारलं. मी गप्प. (पावसाळ्यात मात्र नेऊ नका, वाट फार निसरडी होते.)